दोनशे बारा नंबरची फेडोरा

१

आमच्या लाँड्रीत एक नियम आहे. माल दिला की पावती गिऱ्हाइकाच्या समोरच फाडायची. आधी नाही, नंतर नाही, खिशात घालून तर अजिबात नाही. दोन तुकडे करायचे आणि काउंटरखालच्या डब्यात टाकायचे. हा नियम माझ्या वडिलांनी, अप्पांनी घातला आणि मी तो चाळीस वर्षं पाळला. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी मी त्याला इस्त्री शिकवत नाही, पावती फाडायला शिकवतो. लोक हसतात. हसू देत.

"पण फाडायची कशाला?" मी लहानपणी एकदा विचारलं होतं.

"फाडली नाही तर काम संपत नाही," अप्पा म्हणाले. "पावती ज्याच्या हातात, तो गिऱ्हाईक. माल मिळालेला असो नाहीतर नसो. तो परत येणार."

मला वाटलं, लबाड लोकांबद्दल बोलतायत. तसे लोकही यायचेच. कोट घरी नेऊन दुसऱ्या दिवशी "माझा कोट कुठाय?" म्हणणारे महाभाग मी स्वतः पाहिलेत.

आमची पावती जाड पुठ्ठ्याची. मधोमध फाडायला बारीक भोकांची रेघ, दोन्ही भागांवर एकच नंबर. एक भाग कपड्याला टाचायचा, दुसरा गिऱ्हाइकाला द्यायचा. दोन्हींवर अप्पा स्वतःच्या हातानं लिहायचे, काय वस्तू, कुठला रंग, कुठे डाग. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. शेवटी एक शब्द हमखास असायचा, 'जपून'. शर्ट असो की गालिचा, जपून.

मी डागांचा माणूस आहे. चहाचा डाग, शाईचा डाग, गंजाचा डाग, हे मला वासावरून कळतात. भुताखेतांशी माझा काही संबंध नाही, आणि कुणी त्या गप्पा सुरू केल्या की मी सरळ उठून कामाला लागतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला वेड्यात काढायची घाई करणार नाही.

२

लाँड्री पूर्वी आमच्या घरामागेच होती. मागच्या अंगणात एक लांबट खोली, तीन दगडी हौद, एक मोठा बंब. गिऱ्हाइकं मागच्या गल्लीतून यायची. तिथे लाकडी फाटक होतं आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना बांबू. तेव्हा ते माणसाच्या दीडपट उंच असतील. पुढे दुकान मोठ्या रस्त्यावर गेलं, फाटक बंद झालं, आणि मग बांबूंनी काय हातपाय पसरले म्हणता. दहा वर्षांत फाटक दिसेनासं झालं. वीस वर्षांत अंगणाचा अर्धा भाग त्यांनी गिळला. दुमजली घराच्या वर त्यांचे शेंडे. खाली भर दुपारी हिरवट अंधार.

वारा सुटला की ते एकमेकांवर आपटायचे. टक टक. मग जरा थांबून पुन्हा टक टक. अगदी काउंटरवर नखानं वाजवणाऱ्या उतावळ्या गिऱ्हाइकासारखं. अप्पा घरात जेवत असले तरी सवयीनं म्हणायचे, "आलो." आम्ही सगळे हसायचो. तेही हसायचे, आणि घास घ्यायच्या आधी एकदा खिडकीकडे बघून घ्यायचे.

फेडोरा त्या जुन्या दिवसांतली. एका सकाळी मागच्या फाटकातून एक माणूस आला, तपकिरी फेडोरा काउंटरवर ठेवली, पावती घेतली आणि उघड्या डोक्यानं निघून गेला. तो कधी परत आला नाही. अप्पांनी एवढंच सांगितलं होतं, आणि त्यात सांगण्यासारखं अजून काही नव्हतंच. न नेलेला माल प्रत्येक लाँड्रीत असतो.

त्या मालासाठी आमच्याकडे वर्षातला एक रविवार ठरलेला होता. आई त्याला बेवारशी रविवार म्हणायची. जे जे पडून राहिलं असेल ते सगळं पुन्हा इस्त्री करून, नंबर लावून, दुकानासमोरच्या दांड्यावर दुपारपर्यंत टांगायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे. "अरे, हा तर माझा कोट" म्हणत खरंच दोघं-तिघं यायचे. उरलेलं गरजूंना जायचं. फक्त फेडोरा दांड्यावर जायची नाही. ती अप्पा घरी आणायचे आणि डोक्यावर घालून बांबूंत उभे राहायचे, फोटोसाठी.

तो थाट काय वर्णावा. आधी किटलीच्या वाफेवर फेडोरा धरायची, मऊ ब्रशनं एकाच दिशेनं झाडायची, मग आरशासमोर दहा मिनिटं. डावीकडे किंचित झुकवलेली, उजव्या हाताची दोन बोटं काठाला. मग स्वयंपाकघरातून मुद्दाम हळूहळू चालत जायचं.

"आले नवरदेव," आई म्हणायची. "हॅट पडेल हो, हळू."

"हॅट नाही. फेडोरा."

"बरं, फेडोरा पडेल."

मी अकरा वर्षांचा झाल्यापासून कॅमेरा माझ्याकडे आला. अप्पांच्या सूचना दर वर्षी त्याच. बांबू वरपर्यंत दिसले पाहिजेत.

"मग तुम्ही मुंगीएवढे दिसाल, अप्पा."

"मी नाही दिसलो तरी चालेल. फेडोरा दिसली पाहिजे."

बाकी दिवस अप्पा वाकलेले असायचे. हौदावर वाकलेले, इस्त्रीच्या टेबलावर वाकलेले. संध्याकाळी घरी यायचे तेव्हाही पाठ सरळ व्हायची नाही. त्या एका सकाळी मात्र ते ताठ उभे राहायचे आणि मला वाटायचं, माझा बाप किती उंच आहे. मला तो तास फार आवडायचा. आजही कुणी म्हणालं, तुझ्या आयुष्यातला एक तास परत देतो, तर मी तोच मागेन.

३

अप्पा गेले त्याला अकरा वर्षं झाली. हिवाळ्यात गेले, झोपेतच. त्यानंतर बेवारशी रविवार दुकानात होत राहिला, पण बांबूंत कुणी उभं राहिलं नाही. फेडोरा खोक्यात गेली आणि खोकं कपाटावर. मी ते उघडलं नाही, कारण मला ते उघडवत नव्हतं.

यंदा घर विकलं. जिने आता आईला झेपत नव्हते. घेणाऱ्याला मागे गाडीसाठी जागा हवी होती, तेव्हा सोमवारी बांबू तोडायला माणसं येणार, असं ठरलं. बायको नव्या घरी सामान लावायला पुढे गेली होती. इथे मी, आई आणि आवराआवरीसाठी आलेली माझी धाकटी मुलगी. तिला आम्ही बारकी म्हणतो. आता चांगली तेवीस वर्षांची आहे, दुसऱ्या शहरात नवी नोकरी लागलीय, तरी बारकीच.

आई चौऱ्याऐंशीची. गुडघे संपले, पण नजर आणि डोकं दोन्ही शाबूत. रोजचं शब्दकोडं पेननं सोडवते. खिडकीत बसून रस्त्यापलीकडच्या माणसाच्या शर्टाचं तुटलेलं बटण सांगते. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. हे लक्षात ठेवा म्हणून सांगतोय.

शनिवारी सकाळी बारकीनं ते खोकं खाली काढलं. मी हातातलं काम टाकून उभाच राहिलो. झाकण निघालं आणि वास आला. वाफेचा, लोकरीचा, अप्पांच्या केसांच्या तेलाचा. अकरा वर्षं तो वास आत तसाच बसून होता. आतल्या चामड्याच्या पट्ट्याला त्यांच्या डोक्याचा आकार आलेला, डाव्या बाजूला थोडा जास्त दबलेला. आणि पट्ट्याखाली, गंजलेल्या सेफ्टी पिनला, पावतीचा अर्धा भाग. दोनशे बारा. 'फेडोरा, तपकिरी. डाग नाही. जपून.'

"अजून नंबर काढला नाही?" बारकी म्हणाली.

"त्यांनी कधी काढूच दिला नाही. म्हणायचे, माझी थोडीच आहे, मी सांभाळतोय."

तिनं ती डोक्यावर ठेवली. तिला ती बसली. मला ती कधी बसली नव्हती, कानांवर यायची. हिला मात्र मापाची.

"बाबा, मी घेऊन जाऊ? तिकडे रोज घालेन. आजोबांसारखी."

"घे की," मी म्हणालो. मला एवढा आनंद झाला की विचारूच नका. अप्पांचं काहीतरी जिवंत माणसाच्या डोक्यावर राहील, दुसऱ्या शहरातल्या रस्त्यांवरून फिरेल. मी लगेच पिन काढायला बसलो, पण ती गंजून पट्ट्यात रुतली होती. म्हटलं, उद्या दुकानातून पक्कड आणू.

दुपारी फोटोंचा बिस्किटाचा डबा निघाला. बारकीनं सगळे फोटो आजीच्या पलंगावर वर्षांप्रमाणे ओळीनं मांडले. आई उशीला टेकून बघत होती. पलंगभर अप्पा. काळ्या केसांचे अप्पा, पोट सुटलेले अप्पा, चष्म्याचे अप्पा, काठीचे अप्पा. मागे बांबू, दर फोटोत जास्त उंच. आणि सगळीकडे तीच फेडोरा, तीच दोन बोटं.

"बाबा," बारकी म्हणाली, "हा मागे कोण उभा आहे?"

४

मी म्हणालो, डाग आहे. लगेच म्हणालो. माझं कामच ते.

फोटोवर डाग पडायची शंभर कारणं असतात. धुताना रसायन नीट निघालं नाही, भिंगावर बोट लागलं, डब्यात ओल शिरली. बांबूंमधून ऊन पडलं तर त्याचाही पांढरा पट्टा दिसतो. मी हे सगळं बारकीला समजावून सांगितलं, आणि मग तिची पाठ वळल्यावर विणीतला डाग बघायचं भिंग पिशवीतून काढलं.

पहिल्या फोटोत फाटकाजवळ एक फिकट उभी रेघ होती. माझं नख झाकेल एवढी. दुसऱ्यात तीच रेघ. पाचव्या-सहाव्या वर्षी ती फाटकाच्या अलीकडे होती. दहाव्या वर्षी तिला खांदे होते. मी फोटो उलटसुलट करून पाहिले, उजेडात धरले, ओल्या बोटानं घासले. डाग फिकट होतो, पसरतो, पिवळा पडतो. चाळीस वर्षांत मी एकही डाग चालताना पाहिलेला नाही.

शेवटच्या दहा फोटोंत तो माणूस होता, दुसरं काही म्हणायला जागा नव्हती. चेहरा दर वेळी एखाद्या बांबूच्या मागे. उघडं डोकं तेवढं दिसायचं. एक हात पुढे धरलेला, छातीच्या उंचीवर, आणि त्या हातात काहीतरी छोटं, पांढरं, चौकोनी. काउंटरसमोर उभी राहिलेली माणसं असा हात धरतात. मी रोज बघतो.

अप्पांच्या शेवटच्या वर्षीच्या फोटोत तो त्यांच्या पाठीला लागून उभा होता. त्या फोटोत फेडोरा डोक्यावर नाही. अप्पांनी ती काढून हातात धरलीय, आणि तो हात अर्धवट मागे नेलाय. मला आठवलं. मी तेव्हा ओरडलो होतो, "अप्पा, घाला की नीट, फिल्म वाया जातेय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं, आणि ती पुन्हा डोक्यावर घातली होती. दुसरा फोटो काढायला फिल्म उरली नव्हती.

बारकी चहा करायला गेली तेव्हा मी आईला विचारलं. काय विचारावं ते कळेना, म्हणून नुसता फोटो पुढे केला.

"मग?" आई म्हणाली. "दिसलं एकदाचं?"

"तुला माहीत होतं?"

"तू कॅमेऱ्याच्या मागे असायचास. मी खिडकीत." तिनं ओळीतला एक फोटो सरळ केला. "तुला काय वाटायचं, ते मिरवायला उभे राहायचे? अरे, दुकानातला माल दांड्यावर टांगतो, तसे ते तिथे उभे राहायचे. ज्याची आहे त्याला दिसावी म्हणून. तो मागच्या फाटकानं आला होता ना, मग मागेच."

"मग देऊन का नाही टाकली?"

आईनं माझ्या हातातला फोटो घेतला. मग म्हणाली, "दर वर्षी द्यायलाच जायचे. आणि घरात येऊन म्हणायचे, पुढच्या वर्षी देतो. जीव जडला होता रे. आपलं नव्हतं, तरी सोडवलं नाही."

स्वयंपाकघरातून बारकीचं गाणं गुणगुणणं ऐकू येत होतं. मी दारातून पाहिलं. ती ओट्याजवळ पाठमोरी उभी होती, चहाकडे लक्ष ठेवून, आणि फेडोरा तिच्या डोक्यावर होती.

मी तेव्हाच ठरवलं. बांबू सोमवारी जाणार होते. त्यानंतर फाटक नाही, अंगण नाही. ज्याला आपला माल घ्यायचा आहे तो मग जिथे माल जाईल तिथे जाईल. अप्पांचं राहिलेलं काम मला उरकायला हवं होतं, आणि ते माझ्या मुलीच्या पाठीशी लागू द्यायचं नव्हतं.

५

रविवारी दहाच्या सुमाराला मी दुकानात जाऊन आलो तर मागचं दार सताड उघडं. बारकी अंगणात नव्हती. बांबूंच्या आतून तिचा आवाज येत होता. फोनवर मैत्रिणीला आपली फेडोरा दाखवत होती.

"बघ, बघ, आता अशी," ती म्हणत होती. "आणि मागे बघ केवढे उंच आहेत. आजोबा इथेच उभे राहायचे. काय? कोण? मागे कुणी नाहीये गं."

मी धावलो. माझं वय अठ्ठावन्न, पायात घरातल्या सपाता, आणि मी धावलो. बांबूंच्या आत शिरलो तेव्हा ती मजेत उभी होती, फोन उंच धरून, हसत. मी तिच्या डोक्यावरून फेडोरा जवळजवळ ओढलीच.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. तू पायरीवर जा. तिथून माझा फोटो काढ. बांबू वरपर्यंत दिसले पाहिजेत."

"मुंगीएवढे दिसाल," ती म्हणाली. तिला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

ती गेली. पायऱ्यांजवळ पोहोचेपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिलो. मग अप्पांच्या जागेवर, अप्पांसारखी फाटकाकडे पाठ करून उभा राहिलो. जमीन वाळलेल्या पानांनी मऊ झाली होती. वर शेंड्यांना वारा होता, खाली पानही हलत नव्हतं. तरी माझ्या मागे, हातभर अंतरावर, कुणीतरी नखानं लाकडावर वाजवलं. टक टक.

माझं डोकं अजून काम करत होतं. ते म्हणत होतं, बांबू आहेत, दुसरं काय असणार. ते म्हणत होतं, घरात जा, चहा घे, उद्या माणसं येऊन तोडतील, विषय संपला. मग पुन्हा टक टक झालं आणि माझ्या तोंडून आपोआप शब्द निघाला.

"आलो."

आवाज थांबला. सगळाच थांबला. वरचा वारासुद्धा.

मी फेडोरा दोन्ही हातांत धरली. अजून तो वास येत होता. मी नाक आत घातलं, एकदाच, भरपूर. अप्पा, मी मनात म्हणालो, तुम्हाला जमलं नाही आणि मलाही जमत नाहीये, पण पोरीचा प्रश्न आहे. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मी न वळता फेडोरा उजव्या खांद्यावरून मागे केली आणि डावा हात कमरेमागे उघडा धरला.

तळहातावर पुठ्ठा टेकला.

मी नियमाचा माणूस आहे. नंबर बघितल्याशिवाय माल सोडत नाही. हात पुढे घेऊन पाहिलं. दोनशे बारा. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. मग मी फेडोरेवरची बोटं सोडली.

सोडताना मान जराशी वळली. मुद्दाम नाही वळवली, वळली. मला एक मनगट दिसलं आणि शर्टाची बाही. पांढरी, एक डाग नाही. कडक खळ दिलेली, कडेला बारीक दुहेरी घडी. तशी घडी आमच्याकडे फक्त अप्पा घालायचे, आणि तशी खळ तीस वर्षांत मी कुठे पाहिलेली नाही. तेवढंच. मग पानांवर पावलं वाजली, सावकाश, ऐटीत चालणाऱ्या माणसाची, आणि बांबूंत विरून गेली.

मी घराकडे निघालो. खरं सांगू, हलकं वाटत होतं. चाळीस वर्षांतलं सगळ्यात जुनं काम उरकलं होतं. बारकी पायरीवर फोन धरून उभी होती.

"फेडोरा कुठाय?"

"दिली. ज्याची होती त्याला."

तिनं माझ्याकडे बघितलं, बांबूंकडे बघितलं. माझ्या जवळ येऊन तिनं माझा हात धरला. तिच्या मागे काही नव्हतं. मी दोनदा खात्री केली.

६

दुपारी जेवणं झाल्यावर बारकीनं तो फोटो फोनवर मोठा केला आणि आधी एकटीच बघत बसली. मग मला दिला.

मी मधोमध उभा होतो. हात रिकामे, केस विस्कटलेले, चेहरा रडवेला. माझ्या मागे, जरा डावीकडे, दोन बांबूंच्या मधे एक माणूस. चेहऱ्यावर फेडोरेची सावली, हनुवटीसुद्धा नीट दिसत नव्हती. पण फेडोरा डावीकडे किंचित झुकवलेली होती, आणि उजव्या हाताची दोन बोटं काठाला होती.

मी स्वतःला समजावलं, इतकी वर्षं तो अप्पांना मागून बघत होता. एवढ्या वर्षांत कुणीही शिकेल. मला ते पटलं. निदान तेव्हा पटलं.

"आण इकडे," आई पलंगावरून म्हणाली. बारकीनं फोन तिच्या हातात दिला. आईनं तो जरा लांब धरला. मग तिचा चेहरा असा काही खुलला, की मी तो तसा अकरा वर्षांत पाहिला नव्हता.

"अगं बाई," ती म्हणाली. "किती छान आलेत हे. आणि ताठ उभे आहेत बघ. काठी पण नाही." तिनं काचेवरून बोट फिरवलं, अगदी हळू. "इतक्या वर्षांत हा एक फोटो नीट आला."

बारकी माझ्याकडे बघायला लागली. आई अजून फोटोच बघत होती. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"पण हा पुढे कोण तडमडलाय?"

"कोण, आजी?"

"हा. उघड्या डोक्याचा."

"आजी, बाबा आहेत ते."

"छे." आईनं फोन जवळ घेतला, पुन्हा लांब केला. मग मान वर करून तिनं माझ्याकडे पाहिलं. सरळ, स्वच्छ नजरेनं, रस्त्यापलीकडचं बटण ओळखणाऱ्या नजरेनं. नुकत्याच दारात आलेल्या माणसाकडे बघावं तसं तिनं पाहिलं, आणि मोठ्या आदरानं विचारलं, "काय हवंय आपल्याला?"

माझा हात खिशात गेला. पावती तिथे होती. बांबूंतून बाहेर येताना मी ती खिशात टाकली होती. चाळीस वर्षांत एकदाही असं केलं नव्हतं.

मी ती बाहेर काढली. फाडायची, दोन तुकडे करायचे, एवढंच तर होतं. दोन्ही हातांच्या चिमटीत धरली. बारकी म्हणत होती, "बाबा, बसा ना, पांढरे पडलात." मागे अंगणात वारा सुटला होता आणि बांबू वाजायला लागले होते.

'फेडोरा, तपकिरी. डाग नाही. जपून.'

त्या शेवटच्या शब्दावर शाई थोडी फुटली होती. ओल्या हातानं लिहिलं असणार त्यांनी, हौदावरून तसेच उठून. आता त्यांच्या हातचं माझ्याजवळ एवढंच होतं. बाहेर टक टक झालं, आई खिडकीकडे वळून हसली आणि कुणाला तरी म्हणाली, "आले हो." मी चिमटीत पावती धरून उभा होतो. अजूनही आहे. फाडायला हवी, मला कळतं.